चित्रातला सातबारा

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला, ग्रेट सँडी वाळवंटाच्या कडेला, पिर्निनी नावाचे ठिकाण आहे. १९९७ साली तिथे आठ मीटर बाय दहा मीटरचा कॅनव्हास जमिनीवर अंथरला गेला आणि वाल्माजारी, वांगकाजुंगा, मंगाला अशा समाजांतल्या चाळीसहून अधिक स्त्रीपुरुषांनी त्यावर बसून आपापला मुलूख रंगवला. ज्याने त्याने आपल्याच पाणवठ्यांभोवतीचा भाग रंगवायचा, शेजाऱ्याच्या भागात ब्रश घालायचा नाही. त्याच वर्षी त्यांच्या जमीनहक्काच्या दाव्याची न्यायाधिकरणापुढे बैठक झाली, तेव्हा दावेदार या चित्रावर चालत गेले. जो तो आपल्या पाणवठ्यावर उभा राहिला आणि आपल्या भाषेत तिथली हकिगत सांगू लागला. ‘माणसाचे जमिनीशी नाते’ असा विषय घेऊन सामुदायिक चित्रशाळा भरवण्याची पद्धत आता जगभर रुळली आहे आणि तिच्याविषयी बोलताना न्गुरारा नावाच्या या चित्राची आठवण निघणे साहजिक आहे. मात्र आठवण निघते ती बहुधा भावनेच्या अंगाने: मातीची ओढ, विस्थापनाचे दुःख, रंगांतून मिळणारा दिलासा. या चित्रांचा इतिहास तपासला तर भावनेच्या आधी दुसरेच काही हाताला लागते. ही चित्रे साक्षीचा कागद म्हणून काढली गेली आणि त्या साक्षीला जे काही वजन आले, ते कुणी काय रंगवायचे याच्या कडक नियमांमुळे आले.

सुरुवात तीन दशके आधी, खंडाच्या दुसऱ्या टोकाला झाली. आर्नहेम लँडच्या ईशान्य कोपऱ्यात यिरकला इथे मेथडिस्ट मिशन होते आणि भोवती योलंगू लोकांचा प्रदेश. मार्च १९६३मध्ये मेंझिस सरकारने त्या राखीव प्रदेशातला तीनशे चौरस किलोमीटरहून मोठा तुकडा बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतला. योलंगूंना कुणी विचारले नाही. विचारण्याची गरज कायद्यालाही वाटत नव्हती, कारण इंग्रज आले तेव्हा ही भूमी कुणाचीच नव्हती, या गृहीतकावर तिथली सगळी मालकी उभी होती. त्याच सुमाराला यिरकलाच्या चर्चसाठी दोन मोठे फलक रंगवले गेले होते. योलंगू समाज धुवा आणि यिरिचा अशा दोन अर्धकांत विभागलेला आहे, म्हणून एक फलक एका अर्धकाच्या वडीलधाऱ्यांनी रंगवला आणि दुसरा दुसऱ्याच्या. प्रत्येक कुळाची नक्षी वेगळी, ती त्या कुळाच्या भूमीची आणि तिथून गेलेल्या पूर्वजांची. ख्रिस्ताच्या देव्हाऱ्याशेजारी त्यांनी आपल्या सगळ्या मुलखाची हद्द मांडून ठेवली होती. मजूर पक्षाचे खासदार किम बीझली (थोरले) यिरकलाला आले, त्यांनी हे फलक पाहिले आणि संसदेकडे जायचे तर अर्जही असाच, झाडाच्या सालीवर रंगवून न्या, असे सुचवले.

ऑगस्ट १९६३मध्ये असे दोन अर्ज कॅनबेराच्या संसदेत दाखल झाले. मधोमध टंकलिखित कागद, गुमाच भाषेत आणि इंग्रजीत. भोवती सालीवर रंगवलेली चौकट, एका अर्जावर धुवा कुळांची, दुसऱ्यावर यिरिचांची. पहिल्या अर्जावर बारा सह्या होत्या. प्रदेशमंत्री पॉल हॅस्लक यांनी हरकत घेतली की सह्या करणारी मंडळी तरुण आहेत, ती समाजाच्या वतीने बोलू शकत नाहीत. लिहिता येणारे तरुणच असणार, मिशनच्या शाळेत तेच गेले होते. पण मंत्रिमहोदयांना हे सुचले नसावे. मग दुसऱ्या अर्जाबरोबर वडीलधाऱ्यांचे अंगठे आले. इथे एक गंमत आहे. वडीलधाऱ्यांची संमती आधीपासून अर्जावरच होती, चौकटीच्या रेघांमध्ये. ती नक्षी त्यांच्या परवानगीशिवाय कुणाला काढताच येत नाही. सह्या इंग्रजी कायद्याने मागितल्या म्हणून होत्या. योलंगूंच्या दृष्टीने खरा दस्तऐवज ती चौकट होती. मराठी वाचकाला हे समजायला सातबाऱ्याची आठवण पुरेल. गावात जमीन कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असले, तरी तलाठ्याच्या दप्तरात नोंद नसेल तर ते ठाऊक असणे कचेरीत चालत नाही. योलंगूंनी आपले दप्तर संसदेच्या टेबलावर नेऊन ठेवले. पण ते वाचणारा कारकून तिथे कुणी नव्हता.

संसदेने समिती नेमली, समितीने भरपाई आणि पवित्र स्थळांचे संरक्षण सुचवले, आणि खाण व्हायची ती झालीच. योलंगू न्यायालयात गेले. एप्रिल १९७१मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी दिलेला निकाल वाचण्यासारखा आहे, कारण तो बेफिकीर माणसाचा निकाल नाही. योलंगूंपाशी सूक्ष्म, स्थिर, माणसांच्या लहरीवर न चालणारी कायद्याची व्यवस्था आहे, हे त्यांनी स्पष्ट मान्य केले. जमिनीशी त्यांचे धार्मिक नाते आहे हेही मान्य केले. आणि एवढे झाल्यावर म्हटले की या नात्याला इंग्रजी कायद्याच्या अर्थाने मालमत्ता म्हणता येत नाही. त्यांच्या मते, भूमी कुळाची आहे असे म्हणण्यापेक्षा कुळ भूमीचे आहे असे म्हणणे जास्त सोपे वाटते. भूमी-नात्याविषयीच्या आजच्या पत्रकांत हेच वाक्य कौतुकाने, कवितेसारखे वापरले जाते. न्यायालयात त्याच वाक्याने योलंगूंचा दावा बुडाला होता. ‘आम्ही जमिनीचे’ ही भावना कितीही खरी असो, तेवढ्यावर थांबले की हक्क हातचा जातो, हे १९७१मध्येच दिसून आले. पुढे जमीनहक्कांचा विचार करणारा वुडवर्ड आयोग आला, नॉर्दर्न टेरिटरीसाठी १९७६चा जमीनहक्क कायदा झाला, आणि ३ जून १९९२ला माबो खटल्यात उच्च न्यायालयाने ‘कुणाचीच नसलेली भूमी’ हे गृहीतक मोडीत काढले. १९९३च्या मूळहक्क कायद्याने अट घातली ती परंपरागत कायदा आणि रीत यांतून आलेल्या नात्याची. म्हणजे आता प्रश्न होता पुराव्याचा.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. या चित्रांना परंपरा म्हणायचे कशाच्या आधारे? ॲक्रिलिक रंग बाहेरचे, कॅनव्हास बाहेरचा, आणि वाळवंटातल्या चित्रकलेची सुरुवात तर एका गोऱ्या शिक्षकाच्या नावावर सांगितली जाते. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे २४० किलोमीटरवर पापुन्या ही सरकारी वसाहत. पिंटुपी, लुरिचा, वार्लपिरी, अनमाचेर अशा वेगवेगळ्या लोकांना वाळवंटातून आणून तिथे एकत्र ठेवलेले. १९७१मध्ये जेफ्री बार्डन तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायला आले. त्या वर्षी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांचे मोठे चित्र रंगले, आणि पाठोपाठ प्रौढ माणसे हाताला लागेल त्या फळीवर, फरशीच्या तुकड्यावर चित्रे काढू लागली. १९७२मध्ये पापुन्या टुला ही चित्रकारांच्या मालकीची कंपनी उभी राहिली. भिंतीवरच्या त्या चित्राची हकिगत बार्डन यांनीच नोंदवली आहे. आधी मुंग्या पाठ्यपुस्तकातल्यासारख्या काढल्या गेल्या. या गोऱ्यांच्या मुंग्या आहेत का, असे बार्डन यांनी विचारले, तेव्हा कापा जांपिजिंपा यांनी त्या पुसून आपल्या पद्धतीची खूण काढली. शिक्षकाचे काम तेवढे होते. खूण त्याने शिकवली नाही, त्याला ती येतही नव्हती. ती वाळूत होती, अंगावर होती, विधीच्या वेळी जमिनीवर रंगणाऱ्या मांडणीत होती. एकात एक काढलेली वर्तुळे म्हणजे पाणवठा किंवा मुक्कामाची जागा. इंग्रजी यू अक्षरासारखा आकार म्हणजे बसलेला माणूस, कारण वाळूवरून उठल्यावर मागे राहणारा ठसा तसाच दिसतो. दोन वर्तुळांना जोडणारी रेघ म्हणजे पूर्वजांची वाट. आणि भिंतीवर मधमुंगी काढण्याआधी त्या कथेच्या वारसदाराची, एका म्हाताऱ्याची, परवानगी घ्यावी लागली होती. साहित्य बदलले की परंपरा खोटी ठरते, या न्यायाने छापील पंचांगही खोटे ठरेल.

नियम जुने होते याचा सर्वांत भक्कम पुरावा ते मोडले तेव्हा झालेल्या गदारोळात सापडतो. सुरुवातीच्या फळ्यांवर काही चित्रकारांनी फक्त दीक्षित पुरुषांनी पाहायच्या खुणा उघड काढल्या. सत्तरच्या दशकातच पर्थमधल्या एका प्रदर्शनात शेजारच्या समाजाच्या पुरुषांनी यावर तीव्र हरकत घेतली आणि काही चित्रे भिंतीकडे तोंड करून ठेवावी लागली. चित्रकारांनी धडा घेतला. पवित्र वस्तूंची चित्रे गेली, आणि आज ज्या ठिपक्यांसाठी ही कला ओळखली जाते, ते ठिपके पृष्ठभागभर पसरू लागले. झाकायचे ते झाकण्यासाठी ठिपके वाढले, असे अनेक अभ्यासक मानतात. याचा अर्थ साधा आहे. नुसती हौस असती तर कुणी काय काढले याचे कुणाला सोयरसुतक नसते. वार्लपिरींमध्ये बापाकडून आलेल्या भूमीचे वारसदार वेगळे आणि आईकडून आलेल्या भूमीवर देखरेख करणारे वेगळे. वारसदाराने रंगवायचे आणि देखरेख करणाऱ्याने ते बरोबर आहे की नाही हे पाहायचे. योलंगूंतही बहिणीच्या मुलांना मामाच्या कुळाच्या नक्षीवर असेच कर्तव्य असते. आपल्याकडे वाटणीपत्रावर भाऊबंदांच्या सह्या घेतात त्याच्यापेक्षा ही तपासणी कडक आहे, कारण इथे चुकीची रेघ म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत घुसखोरी.

आता पिर्निनीच्या चित्राकडे परत जायला हरकत नाही, पण त्यातले पाणवठे समजायला एक जुने प्रकरण माहीत हवे. १९०६मध्ये आल्फ्रेड कॅनिंग या सर्वेक्षकाने गुरे हाकत नेण्यासाठी या वाळवंटातून सुमारे १,८५० किलोमीटरची वाट आखली, आणि १९०८ ते १९१० या काळात तिच्यावर पन्नासच्या आसपास विहिरी खोदल्या गेल्या. वाळवंटात पाणी कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हते, ज्यांना ठाऊक होते त्यांना त्याच्या माणसांनी साखळदंडांनी बांधून वाट दाखवायला लावली. मोहिमेच्या स्वयंपाक्यानेच तक्रार केली, १९०८मध्ये चौकशी आयोग बसला आणि त्याने कॅनिंगला निर्दोष ठरवले. म्हणजे पाणवठ्यांचे ज्ञान या लोकांकडे आहे, ते त्यांच्याखेरीज कुणाकडे नाही, हे सरकारी कागदावर विसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदले गेले होते. फक्त त्यातून हक्काचा निष्कर्ष कुणी काढला नाही. न्गुरारामध्ये तेच पाणवठे आहेत. बारमाही जिवंत पाण्याला ‘जिला’ म्हणतात. तिथे पावसाचा सर्प राहतो, म्हणून जवळ जाताना हाक देऊन आपली ओळख सांगायची असते. वाळू उकरून मिळणारे हंगामी पाणी ते ‘जुमू’. बाहेरच्याला कॅनव्हासवर रंगीत वर्तुळे दिसतात. दावेदाराला कुठे हाक द्यायची आणि कुठे उकरायचे ते दिसते. हे ज्ञान एखाद्या कार्यशाळेत चार दिवसांत तयार होत नाही, आणि चाळीस जणांचे तुकडे जोडल्यावर मुलूख सलग उतरतो, ही गोष्ट ठरवून जमवता येत नाही.

तरीही वकिलाचा आक्षेप उरतोच: दाव्यासाठी दावेदारानेच काढलेले चित्र पुरावा कसे? सोयीचेच काढणार. शिवाय निकाल चित्रावर लागला नाही. हे दुसरे खरे आहे. न्गुरारा लोकांना मान्यता मिळायला आणखी दहा वर्षे गेली. नोव्हेंबर २००७मध्ये ७६ हजार चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ चौथ्या हिस्स्याएवढ्या भूमीवर त्यांचा हक्क मान्य झाला, तो मानववंशशास्त्रज्ञांचे अहवाल, वंशावळी, जबान्या आणि राज्य सरकारची सहमती यांच्या जोरावर. दरम्यान १९९८मध्ये कायदाही आवळला गेला: आधी न्यायालयावर पुराव्याच्या नेहमीच्या नियमांचे बंधन नव्हते, दुरुस्तीनंतर ते आले. चित्राने खटला जिंकला असे सांगणे हा प्रचार आहे. पण सोयीचे काढणार, या आक्षेपात एक गोष्ट निसटते. दावेदार एकटा बसून चित्र काढत नव्हता. त्याच्या एका बाजूला ज्याची हद्द कमी होईल तो शेजारी बसला होता, दुसऱ्या बाजूला तपासायचा अधिकार असलेला भाचा. स्वतःच्या बाजूने दिलेल्या जबानीवर एवढी उलटतपासणी कुठल्या न्यायालयात होते? स्पिनिफेक्स लोकांचे उदाहरण याच वळणाचे आहे. मारालिंगा इथल्या ब्रिटिश अणुचाचण्यांच्या काळात ते ग्रेट व्हिक्टोरिया वाळवंटातल्या आपल्या मुलखातून बाहेर पडले, नंतर परतले, आणि १९९७पासून त्यांनी दाव्याचा भाग म्हणून एकत्र चित्रे काढली. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. २०००मध्ये सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटरवर हक्क मान्य झाला, तेव्हा दहा चित्रे त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जनतेला दिली. करारात जशी देवघेव असते तशी.

समुद्राच्या बाबतीत तर चित्रांमागचा खटका याहून ठसठशीत होता. नव्वदच्या दशकात आर्नहेम लँडच्या ब्लू मड बेमध्ये बेकायदा मासेमारांच्या मुक्कामावर मगरीचे कापलेले मुंडके पोत्यात सापडले. जागा होती मदार्पा कुळाची, आणि मगर हा त्या कुळाचा पूर्वज. जांबावा मारावीली यांच्या पुढाकाराने सत्तेचाळीस चित्रकारांनी ऐंशी सालपत्रे रंगवली: भरतीचे पाणी, खाडीतले प्रवाह, कुठल्या कुळाचे पाणी कुठे दुसऱ्यात मिसळते. २००८मध्ये उच्च न्यायालयाने भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या पाण्यात शिरायलाही जमीनमालकांची परवानगी लागेल असा निकाल दिला. हाही निकाल १९७६च्या कायद्याच्या अर्थावरच लागला. पण जमीन ओहोटीच्या रेषेपर्यंत आणि त्यापुढे सगळे सार्वजनिक, ही विभागणी त्या लोकांच्या भूगोलात कधी नव्हतीच, हे त्या सालपत्रांइतके नेमके कुठल्याच अर्जात मांडलेले नाही.

बाजाराचा आक्षेप मी थोडक्यात घेतो, कारण तो जेवढा मोठ्याने घेतला जातो तेवढा खोल नाही. चित्रे विकली गेली, दलालांनी लुबाडले, नकला निघाल्या, हे सगळे घडले. पण पैसा कशासाठी वापरला गेला हेही पाहावे. पिंटुपी लोक १९८१पासून पापुन्या सोडून पश्चिमेला किंटोर इथे आपल्या मुलखात परत गेले. तिथे मूत्रपिंडाच्या विकाराने लोकांना ग्रासले, आणि डायलिसिससाठी पाचशे किलोमीटरहून दूर ॲलिस स्प्रिंग्जला जाऊन कायमचे राहावे लागे. २०००मध्ये पापुन्या टुलाच्या चित्रकारांनी मोठी सामुदायिक चित्रे काढली, सिडनीत लिलाव झाला, दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली आणि त्यातून किंटोरमध्येच डायलिसिसची सोय झाली. जमिनीचे चित्र विकून जमिनीवर राहता आले. याला कलेचे अधःपतन म्हणणाऱ्याने डायलिसिसचा दुसरा मार्ग सुचवावा.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. चित्राची साक्ष ज्यांची परंपरा शाबूत राहिली त्यांच्याच कामी येते. वाळवंटात आणि आर्नहेम लँडमध्ये गोरे उशिरा पोचले. आग्नेयेला, मरे नदीच्या काठी, मेंढपाळ एकोणिसाव्या शतकातच येऊन बसले होते. तिथल्या योर्टा योर्टा लोकांचा दावा १९९८मध्ये फेटाळला गेला. इतिहासाच्या भरतीत त्यांची परंपरा वाहून गेली, असा निकालाचा सूर होता. म्हाताऱ्यांच्या तोंडी जबानीपेक्षा एडवर्ड कर या जुन्या मेंढपाळाच्या पुस्तकाला न्यायाधीशांनी जास्त वजन दिले, आणि २००२मध्ये उच्च न्यायालयाने निकाल कायम ठेवला. ज्यांच्याकडून सर्वांत जास्त हिरावले गेले त्यांच्याचकडे सर्वांत कमी पुरावा, आणि म्हणून सर्वांत कमी हक्क. चित्राची शिस्त हा निकष मानला तर हा अन्याय आणखी पक्का होतो, हे मान्य करावे लागते. फक्त तो अन्याय चित्रांनी आणलेला नाही, अखंड परंपरेची अट घालणाऱ्या कायद्याने आणलेला आहे. आणि शिस्त सोडून नुसत्या भावनेची चित्रे काढल्याने योर्टा योर्टांचेही काही भले झाले नसते.

महाराष्ट्राच्या बाजूने पाहिले तर एक विसंगती डोळ्यांत भरते. १९८९मध्ये पॅरिसमधल्या ‘मजिस्यँ द ला तेर’ या प्रदर्शनात वाळवंटातल्या युएंडुमू गावच्या माणसांनी जमिनीवर चित्र मांडले होते, आणि त्याच प्रदर्शनात डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रे होती. वारल्यांच्या लग्नातला चौकही वाटेल त्याने काढायचा नसतो. तो सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने काढायचा, मध्ये पालघट देवी, आणि धवलेरीने गाणी म्हणायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांच्यामार्फत ही कला कागदावर आली, पुरुषांच्या हाती गेली, जगभर गेली. त्याच डहाणू-तलासरीत १९४५पासून गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारी आणि जमीनदारीविरुद्ध वारल्यांचा लढा झाला. पण चित्र आणि जमिनीचा लढा हे दोन प्रवाह बहुतांशी वेगळेच वाहिले. चित्राला हस्तकलेच्या खात्यात जागा मिळाली, जमिनीला महसूल आणि वनखात्यात. दरवाजा मात्र बंद नाही. २००६च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत पुरावा म्हणून वडीलधाऱ्यांची जबानी चालते, वंशावळ चालते, विहीर, स्मशान, देवस्थान यांच्या खुणाही चालतात. अशा दाव्याला उद्या एखाद्या ग्रामसभेने पाड्याचे, पाणवठ्यांचे, देवस्थानांचे चित्र जोडले, तर समितीने ते सुंदर आहे की नाही हे पाहू नये. ते कुणी काढले, तसे काढायचा अधिकार त्याला कुणी दिला आणि शेजारच्या पाड्याने ते तपासले का, एवढे विचारावे.